पडद्याच्या अलीकडे उरलेलं पाणी

प्रकाशा हे गाव दोन नद्यांच्या संगमावर वसलं आहे. सातपुड्यात उगम पावून शहाद्यावरून येणारी गोमाई इथे तापीला मिळते. काठावर केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वराची देवळं आहेत. काशी करून आलेल्या माणसाची यात्रा प्रकाशाला आल्याशिवाय पुरी होत नाही असं खानदेशात मानतात, आणि गावाला दक्षिण काशी म्हणतात. इथली वस्ती या देवळांहूनही कितीतरी जुनी आहे. 1954-55 मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे थर हाती लागले.

त्या सगळ्या काळात तापी इथून वाहत पुढे जायची. आता ती इथे थांबते. वर सुलवाडे, मग सारंगखेडा आणि मग प्रकाशा, अशी एकाखाली एक बॅरेज तिच्यावर बांधली आहेत. दारं खाली आली की नदीचा लांबट तलाव होतो. या अडवलेल्या पाण्याची भागाला गरज आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण नदी थांबवली की तिच्यात काय येतं याची जबाबदारी वाढते. वाहत्या नदीत पडलेली घाण निदान पुढे तरी जाते. बॅरेजमागच्या पाण्यात पडलेली घाण हंगामभर तिथेच राहते, आणि तेच पाणी पंपाने उचलून शेतात सोडलं जातं.

हा पट्टा उसाचा आहे. शहादे तालुक्यात पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटील यांनी उभा केलेला सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. महाराष्ट्रात जिथे ऊस गेला तिथे साखर आली, साखरेमागे मळी आली आणि मळीमागे डिस्टिलरी. पुढे जे सांगणार आहे ते कोणा एका कारखान्याविषयी नाही. मळीवर चालणाऱ्या कुठल्याही डिस्टिलरीचं पाणी असंच असतं, मग ती प्रवरेच्या काठी असो की कृष्णेच्या.

साखर कारखान्याचं सांडपाणी आणि डिस्टिलरीचं सांडपाणी यांत फार मोठा फरक आहे, आणि गावपातळीवरच्या चर्चेत तो नेहमी पुसला जातो. साखर कारखान्याचं पाणी त्या मानाने सौम्य असतं. उसात वजनाच्या सुमारे 70 टक्के पाणीच असतं. एक टन ऊस गाळला की साधारण 700 लिटर पाणी उसासोबतच कारखान्यात येतं, रस आटवताना वाफ होऊन सुटतं आणि थंड होऊन कंडेन्सेट म्हणून परत मिळतं. हे पाणी नीट वापरलं तर कारखान्याला नदीतून फार थोडं घ्यावं लागतं. केंद्राच्या 2016 च्या नियमांनी सांडपाण्याची मर्यादा गाळलेल्या टनामागे 200 लिटर ठरवली: प्रक्रिया केलेलं सांडपाणी 100 लिटर आणि स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरचं पाणी 100 लिटर.

डिस्टिलरीचं गणित निराळं आहे. मळी पातळ करतात, यीस्ट घालून आंबवतात आणि ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल काढून घेतात. मागे उरतो तो स्पेंटवॉश: काळपट तपकिरी, आम्लधर्मी आणि कढत. एक लिटर अल्कोहोलमागे जुन्या पद्धतीत 12 ते 15 लिटर, सुधारलेल्या पद्धतीत 8 ते 10 लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याचा बीओडी लिटरला 40 ते 60 हजार मिलिग्रॅम असतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल याचं माप; आपल्याकडे ते 27 अंश तापमानाला तीन दिवस ठेवून मोजतात. उन्हाळ्यात नदीच्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो जेमतेम 7 ते 8 मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश सुमारे सहा हजार लिटर नदीतला सगळा ऑक्सिजन संपवू शकतो. वर्तमानपत्रात ‘मळीमिश्रित पाण्याने मासे मेले’ अशी बातमी येते ती यामुळे. मासे विषाने मरतातच असं नाही, पुष्कळदा ते गुदमरून मरतात.

रोज 60 हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी घ्या. लिटरमागे 10 लिटर धरले तर दिवसाला 6 लाख लिटर स्पेंटवॉश झाला आणि त्यात सुमारे 27 टन बीओडी. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्यात 30 ते 50 ग्रॅम बीओडी असतो. तेव्हा त्या एका डिस्टिलरीचा भार साधारण सहा लाख माणसांच्या सांडपाण्याइतका होतो. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 48 हजार होती.

या पाण्याशी पहिला सामना जिवाणूंचा असतो. बंद टाकीत, हवेविना जगणारे जिवाणू त्यातले सेंद्रिय पदार्थ खाऊन मिथेन वायू देतात. बीओडीचा 80 ते 90 टक्के भाग इथेच जातो आणि मिळालेला वायू बॉयलरला जळण होतो. ही पायरी स्वतःचा खर्च स्वतः भागवते, म्हणून ती बहुतेकांनी आनंदाने स्वीकारली. अडचण पुढे आहे. जिवाणूंना दोन गोष्टी खाता येत नाहीत. एक, रंग. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी रेणू तयार होतात. तव्यावर भाकरीला डाग पडतात ते याच क्रियेने. हे रेणू मोठे आणि चिवट असतात. दुसरी गोष्ट, क्षार. ऊस जमिनीतून भरपूर पोटॅश उचलतो. ते पोटॅश रसातून मळीत आणि मळीतून स्पेंटवॉशमध्ये जसंच्या तसं उतरतं, लिटरला 10 ग्रॅमच्या आसपास. जिवाणू कितीही चांगले पाळले तरी क्षाराचा एक कणही ते संपवू शकत नाहीत. मेंब्रेन, म्हणजे पडदा, कामाला येतो तो इथे.

पडद्यांच्या चार जाती आहेत. सगळ्यांत ढोबळ मायक्रोफिल्ट्रेशन. त्याची छिद्रं साधारण मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून पुढे, जिवाणू अडकतील इतपत. त्याखाली अल्ट्राफिल्ट्रेशन, ज्यात विषाणू आणि प्रथिनांसारखे मोठे रेणू अडतात. मग नॅनोफिल्ट्रेशन, जे रंग आणि पाण्याचा जडपणा अडवतं. सगळ्यांत बारीक रिव्हर्स ऑस्मोसिस, आपल्या ओळखीचं आरओ. आरओच्या पडद्याला छिद्रं अशी नसतातच. पाण्याचे रेणू त्या पातळ थरात विरघळतात, त्यातून सरकतात आणि पलीकडे निघतात. विरघळलेल्या मिठाला ते जमत नाही. खरं काम करणारा हा थर मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका जाड असतो. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरातला आहे.

यामागचं निसर्गाचं वागणं 1748 मध्ये फ्रान्सच्या जाँ-आंत्वान नोले यांनी टिपलं. डुकराच्या मूत्राशयाचं कातडं बांधलेलं मद्याचं भांडं त्यांनी पाण्यात ठेवलं, तर पाणी आत शिरून कातडं फुगलं. पाणी आपणहून दाट द्रावणाकडे ओढलं जातं. ही ओढ मोजता येते. समुद्राच्या पाण्यासाठी ती सुमारे 27 बार भरते, म्हणजे 270 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. पाणी उलट दिशेला, खाऱ्याकडून गोड्याकडे ढकलायचं तर याहून जास्त दाब द्यावा लागतो. समुद्राच्या पाण्याला व्यवहारात 55 ते 70 बार देतात. तत्त्व फार आधीपासून माहीत होतं, पण मीठ अडवणाऱ्या पडद्यांतून पाणी थेंबथेंब यायचं. तो पेच 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला सुटला. सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा घडवला की त्याची वरची साय फक्त घट्ट आणि खालचा भाग सच्छिद्र. पाण्याची वाट अडवणारी जाडी त्यामुळे अतिशय कमी झाली. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावाला आरओचं पिण्याचं पाणी मिळू लागलं. आज तुमच्या स्वयंपाकघरात, किंवा गावच्या पाण्याच्या एटीएममध्ये जे यंत्र आहे ते याच घराण्यातलं.

या यंत्राचं एक मोठं आकर्षण विजेच्या हिशेबात आहे. हजार लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायची तर सव्वासहाशे युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. समुद्राचं हजार लिटर पाणी चांगल्या आरओतून गोडं करायला 3 ते 4 युनिट पुरतात. बाष्पीभवनाची भांडी एकामागे एक लावून पहिल्याची वाफ दुसऱ्याला तापवायला वापरली, तर पाच भांड्यांत ऊर्जा जवळपास पाचव्या हिश्शावर येते. तरी अंतर प्रचंड राहतं. म्हणून आटवण्याआधी जितकं पाणी पडद्याने काढता येईल तितकं काढून घ्यावं, हा सरळ व्यवहार झाला.

कागदावर हे सोपं वाटतं. प्लांटवर काम करणाऱ्याला विचारा, तो तुम्हाला पडद्यापेक्षा पडद्यावर बसणाऱ्या थराबद्दल जास्त सांगेल. पाणी पडद्यावर सरळ दाबलं तर अडकलेला माल तिथेच साठून काही मिनिटांत वाट बंद होते. म्हणून पाणी पडद्याच्या अंगालगत वेगाने वाहतं ठेवतात. त्यातलं थोडं पलीकडे जातं आणि उरलेलं घाण धुऊन पुढे नेतं. तरीही थर बसतोच. कॅल्शियम सल्फेट आणि सिलिका खड्यासारखे जमतात, जिवाणू चिकट साय धरतात, मेलॅनॉइडिन चिकटतं. दाब वाढत जातो, पाणी कमी येतं, मग यंत्र थांबवून आम्लाने आणि अल्कलीने धुवावं लागतं. घरगुती आरओमध्ये पडदे गुंडाळीच्या रूपात असतात. स्पेंटवॉशसाठी ते टिकत नाहीत, म्हणून चकत्यांची उतरंड रचलेली मोकळ्या वाटांची यंत्रं वापरतात. महाग पडदा वाचवायचा असेल तर खरी मेहनत पडद्याआधीच्या टाक्यांत करावी लागते: गाळ बसवणं, आम्लता नेमकी ठेवणं, जिवाणूंचं काम पूर्ण होऊ देणं. पडदा वारंवार बदलावा लागत असेल तर दोष शोधायला आधी त्या टाक्यांकडे जावं. आणि तिथला ऑपरेटर शिकलेला, हंगाम संपल्यावरही कामावर ठेवलेला असावा, ही गोष्ट मला यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाची वाटते.

आता या प्रकरणाचा मुख्य मुद्दा. पडदा घाण नष्ट करत नाही. तो पाण्याचे दोन वाटे करतो: एक स्वच्छ, एक पूर्वीपेक्षा दाट. लिटरला 2,000 मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी घ्या आणि त्यातलं 75 टक्के स्वच्छ करून काढून घ्या. उरलेल्या 25 टक्क्यांत जवळजवळ सगळे क्षार आले, म्हणजे त्याची तीव्रता लिटरला 8,000 मिलिग्रॅमच्या घरात गेली. 90 टक्के काढलं तर 20,000 च्या जवळ. प्लांटवर या उरलेल्या पाण्याला रिजेक्ट म्हणतात. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना काचेच्या ग्लासातलं स्वच्छ पाणी दाखवतात. त्या वेळी दुसऱ्या नळातून काय निघतंय आणि ते कुठे चाललंय, हे विचारायला हवं. तंत्रज्ञान चाललं की फसलं, याचा निकाल त्या दुसऱ्या नळावर लागतो.

तमिळनाडूतल्या तिरुपूरने हा धडा फार महागात घेतला. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं खारट, रंगीत पाणी नोय्यल नदीत जात राहिलं. त्याच नदीवर खाली शेतीसाठी ओरथुपालयम धरण बांधलं होतं, आणि ते अखेर सांडपाण्याची टाकी होऊन बसलं. ज्यांच्यासाठी धरण, त्या शेतकऱ्यांनाच त्यातलं पाणी नकोसं झालं आणि ते न्यायालयात गेले. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. नंतर ते आरओ आणि बाष्पीभवन यांच्या जोडीवर पुन्हा उभे राहिले. पाण्याचा बहुतेक भाग आता परत वापरला जातो, सोडियम सल्फेटसारखं मीठ पुन्हा रंगाईला घेता येतं. पण वेगळं न करता येणारं मिश्र मीठ उरतं, त्याला गिऱ्हाईक नाही, आणि ते पोत्यांत साठवत राहावं लागतं. बॅरेज बांधलेल्या प्रत्येक नदीकाठाने तिरुपूरची हकीकत समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

डिस्टिलरीच्या रिजेक्टचं नशीब तिरुपूरच्या मिठापेक्षा बरं आहे, आणि त्याचं कारण तेच पोटॅश. बायोगॅसनंतरच्या स्पेंटवॉशमधून आरओ निम्म्याच्या आसपास पाणी काढतं. हे स्वच्छ पाणी कूलिंग टॉवरला किंवा मळी पातळ करायला पुन्हा घेता येतं. त्यात थोडी सेंद्रिय आम्लं आणि अमोनिया निसटून आलेले असतात, तेवढं सुधारून घ्यावं लागतं. आपल्या उदाहरणातल्या 6 लाख लिटरांपैकी 3 लाख लिटर उरले. ते पूर्वी प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या चोथ्यावर, शिंपडून कंपोस्ट करत. पद्धत स्वस्त आहे, पण खानदेशातला पावसाळा आला की कंपोस्ट यार्डाचा निचरा जवळच्या नाल्याकडे धाव घेतो. म्हणूनच अशा डिस्टिलरींना पावसाळ्यात बंद राहावं लागतं. दुसरी वाट म्हणजे भांड्यांच्या मालिकेत काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचं आणि बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, किंवा कोळशासोबत खास बॉयलरमध्ये जाळायचं. काही नव्या डिस्टिलरी बायोगॅस आणि आरओ दोन्ही वगळून थेट याच वाटेने जातात. जळल्यावर राख उरते, आणि ती पोटॅशने भरलेली असते.

भारत पोटॅश खत जवळजवळ सगळं परदेशातून आणतो. 2021 मध्ये केंद्राने मळीपासून मिळणाऱ्या पोटॅशला खतांच्या अनुदान योजनेत घेतलं; त्यात किमान 14.5 टक्के पोटॅश असावं लागतं. शेतातून उसाने उचललेलं पोटॅश गाळप, आंबवण, पडदा आणि भट्टी असा फेरा करून पुन्हा उसाच्या शेतात येऊ शकतं. झिरो लिक्विड डिस्चार्ज, म्हणजे थेंबही बाहेर न सोडण्याचा जो नियम डिस्टिलरींना लागू आहे, तो मला याच रूपात पटतो. रिजेक्ट तलावात साठवून ‘आम्ही नदीत सोडत नाही’ म्हणणं मला पटत नाही. तलावाचं अस्तर फाटतं, तलाव भरतो, पावसाळा येतो.

तापीवरच, प्रकाशाच्या खाली, उकाई धरणापलीकडे सुरत आहे. तिथे महानगरपालिकेने पडद्याचा जो उपयोग केला तो मला डिस्टिलरीतल्या उपयोगापेक्षाही शहाणपणाचा वाटतो. शहराचं आधीच प्रक्रिया झालेलं मैलापाणी अल्ट्राफिल्ट्रेशन आणि आरओतून नेऊन 2014 पासून पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांना विकायला सुरुवात झाली. बमरोलीच्या त्या केंद्राची क्षमता दिवसाला 4 कोटी लिटर. शहराचं सांडपाणी पातळ असतं, त्यात क्षार थोडे, त्यामुळे पडदे टिकतात, रिजेक्टही सौम्य राहतो. कारखान्यांनी त्यासाठी पैसे मोजले आणि तितकं गोडं पाणी वाचलं. साखर कारखान्याचं कंडेन्सेट हेही असंच हलकं पाणी आहे. सगळ्यांत दाट पाण्यावर पडदा लावून पराक्रम करण्याआधी सगळ्यांत पातळ पाणी वाचवावं. उसाचा भाग तहानलेला आहे, आणि उसासोबत आलेलं 700 लिटर पाणी त्याच्या हातात आहे.

गावाने काय करावं? मोठ्या डिस्टिलरीला पर्यावरण मंजुरी लागते, आणि अनेक प्रकल्पांत त्याआधी जनसुनावणी होते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला ठेवलेला असतो. तो वाचताना रिजेक्टचं पान शोधावं. दिवसाला किती लिटर, आटवणाऱ्या भांड्यांची क्षमता त्याहून जास्त आहे का, बॉयलर बंद पडला तर किती दिवसांचा साठा मावेल, राख कोणाला विकणार, हे आकडे तिथे असायला हवेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये साखर आणि डिस्टिलरीसह 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मापन बसवायला सांगितलं आहे. प्रवाहमापकाचे आकडे मागता येतात.

आणि विहिरींचं पाणी आपण स्वतः मोजावं. काही शे रुपयांत हातात धरायचा टीडीएस मीटर मिळतो. तो रंग किंवा सेंद्रिय घाण ओळखत नाही, फक्त क्षारांचा अंदाज देतो. तेवढंही पुरेसं आहे, जर मोजणी गळीत हंगाम सुरू होण्याआधी ऑक्टोबरमध्ये केली, त्याच विहिरींची पुन्हा मे महिन्यात केली आणि दोन्ही आकडे वहीत तारखेनिशी लिहून ठेवले. आकडा चढताना दिसला तर त्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत देऊन पोटॅशियम तपासून घ्यावं. भूजलात पोटॅशियम सहसा लिटरला 10 मिलिग्रॅमच्याही आत असतं, कारण काळी माती ते धरून ठेवते, खतातलंसुद्धा सहजी खाली जाऊ देत नाही. विहिरीत ते पन्नास-शंभरावर गेलं असेल, तर दुसऱ्या नळाचं पाणी कुठे चाललंय हे कारखान्याला आणि प्रदूषण मंडळाला विचारायला हाती पुरावा आहे.